ढोरांचं रक्त नेलं ते ठीक, आता आमचंही मागताहेत. द्यावं का?

सावनेरची सून :

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

आमचं गाव सावनेर तालुक्यात. थोडी संत्र्याची बाग आणि दुभती जनावरं. दूध गावातल्या संकलन केंद्रावर जातं. मागल्या आठवड्यात नागपूरहून विद्यापीठाची टीम आली होती. दोन पशुवैद्य, एक नर्सताई आणि सगळं टॅबवर भरून घेणारी एक मुलगी. गाईंच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचे नंबर टिपले, मानेच्या शिरेतून रक्त घेतलं, दुधाचे नमुने घेतले. इथवर कुणाची हरकत नव्हती. मग म्हणाले, घरातल्या मोठ्या माणसांचंही रक्त पाहिजे. धार कोण काढतं, गाय अडली तर वासरू ओढायला कोण जातं, कच्चं दूध कोण पितं, वर्षभरात कुणाला लांबलेला ताप होता का, असे प्रश्न.

मामाजी (सासरे) उखडले. "ढोरं पाहायला आले ना, मग ढोरं पाहा. आमचं काय?" सासूबाईंचं म्हणणं, उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाचं रक्त कशाला काढायचं. नवरा म्हणतो देऊन टाकू. संमतीपत्र घरी ठेवून गेलेत, आठवड्याभरात परत येणार आहेत. त्यात ब्रुसेलोसिस, लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस अशी नावं आहेत.

खरं सांगायचं तर मला रक्ताची भीती नाही. दिवाळीच्या सुमारास आमची एक गाय सातव्या महिन्यात गाभडली, म्हणजे गर्भ पडला. वार (जार) अडकली होती, ती सासूबाईंनी आणि मी मिळून काढली. त्यानंतर सासूबाईंची कंबर धरली आहे आणि संध्याकाळी कणकण येते. वयामुळे असेल असं सगळे म्हणतात. आता ते संमतीपत्र वाचल्यापासून माझ्या डोक्यात किडा शिरलाय. आणि दुसरी धास्ती म्हणजे, काही निघालंच तर डेअरी दूध घेणं बंद करेल का?

तर्रीबाज :

द्या नं वहिनी रक्त, काऊन भेता? बदल्यात सरकी ढेपेचं एक पोतं मागून घ्या म्हणजे झालं. :)

जोक बाजूला. सासूबाईंना आधी डॉक्टरला दाखवा बापा, टीमची वाट पाहू नका.

शनिवारपेठी :

मी जरा कडू बोलणार आहे. असे नमुने दरवर्षी कोणी ना कोणी नेतं. त्यातून पेपर निघतात, पीएचड्या निघतात, परिषदेत चहा-बिस्किटं होतात. ज्याचं रक्त नेलं त्याला निकाल कधीच कळत नाही. "सहयोगी संशोधन" म्हणजे दोन विद्यापीठांच्या लोगोंचा एक बॅनर, एवढाच माझा अनुभव. संमतीपत्रात निकाल कधी आणि कसा देणार हे लिहिलंय का बघा. नसेल तर सही करू नका.

ढोरडॉक्टर :

ताई, आयडीवरून कळलंच असेल. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलो, पुढे तालुक्याच्या दवाखान्यात नोकरी केली. सविस्तर लिहितो.

सातव्या महिन्यात गाय गाभडणं आणि वार अडकणं, हे दोन्ही एकत्र दिसलं की आमच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते ब्रुसेलाचं. सरकारी कागदावर याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. दुसरी कारणंही असतात, त्यामुळे तपासल्याशिवाय ठप्पा मारता येत नाही. पण ब्रुसेला असेल तर त्या वारीत आणि मेलेल्या वासरात जंतू खच्चून भरलेले असतात. हातावर बारीक चीर असली तरी पुरतं. माणसात मग ताप येतो-जातो, रात्री घाम फुटतो, कंबर आणि सांधे धरतात. पुरुषांत कधी वृषण सुजतात. माणसाकडून माणसाला सहसा होत नाही, त्यामुळे घरात घबराट नको. सासूबाईंना मात्र नेऊन दाखवा. आणि डॉक्टरने विचारलं नाही तरी गाय गाभडल्याचं तुम्ही आपणहून सांगा, हे सगळ्यात महत्त्वाचं.

आता मामाजींचा प्रश्न. ढोरं पाहायला आले तर आमचं काय? अगदी बरोबर प्रश्न आहे. इतकी वर्षं असंच चाललं. मी गाईचं रक्त काढू शकतो, माणसाला सुई लावायचा मला अधिकार नाही, औषध लिहायचा तर नाहीच. माणसांचा डॉक्टर गोठ्यात येत नाही. म्हणून तुमच्याकडे आलेल्या टीममध्ये नर्सताई होत्या ही मला चांगली खूण वाटते. जनावरांसाठी वेगळी नैतिक समिती, माणसांसाठी वेगळी, दोन्हींची परवानगी लागते. एकाच घरातल्या गाई आणि माणसं एकाच वेळी तपासली तरच कळतं की जंतू कुठून कुठे गेला.

आमच्या धंद्यात हा आजार नवीन नाही. वासरांना देतात ती ब्रुसेलाची एस-१९ लस जिवंत जंतूंची असते. लस देताना कालवडीने मान झटकली आणि सुई आपल्याच बोटात गेली, असे सहकारी मला माहीत आहेत. त्यातल्या एकावर कितीतरी दिवस मलेरिया, मग टायफॉइड, मग सांधेवात असे उपचार झाले. शेवटी त्यानेच डॉक्टरला सांगितलं, साहेब, ब्रुसेला तपासा.

रात्रपाळी :

वरच्या शेवटच्या वाक्यावर मान खाली घालून +१.

मी माणसांची डॉक्टर, नागपुरात मेडिसिनला. पावसाळ्यात आमच्याकडे तापाची रांग असते. मलेरियाची पट्टी, डेंग्यू, टायफॉइडची विडाल, हे हात आपोआप लिहितो. "घरी जनावरं आहेत का?" हा प्रश्न केसपेपरवर छापलेलाच नाही. व्यवसायाच्या रकान्यात बाईमाणूस असेल तर "गृहिणी" लिहून मोकळे. तीच गृहिणी पहाटे धार काढते, शेण काढते, वार ओढते, हे कुठेच येत नाही. ढोरडॉक्टर, तुमच्या दवाखान्याच्या वहीत तरी मालकाच्या तापाचा रकाना असतो का?

२०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसने माणसं गेली, तेव्हा आमच्या पिढीने हा आजार नीट पाहायला सुरुवात केली. सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली सापडते. बाईला पूर्ण तपासल्याशिवाय ती दिसतच नाही, आणि गर्दीच्या ओपीडीत पूर्ण तपासणी किती जणींची होते ते विचारू नका. माइट्सच्या अळ्या चावतात, त्या उंदरांवर आणि गवतावर असतात. डॉक्सीसायक्लिन हे स्वस्त औषध आहे, वेळेत दिलं तर रुग्ण बहुधा सुधारतो. म्हणजे अडचण औषधाची नाहीच, नाव वेळेवर सुचण्याची आहे.

सावनेर ताई, सासूबाईंचं ब्रुसेला निघालं तरी उपचार आहेत. दोन औषधं एकत्र, साधारण सहा आठवडे. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडली तर ताप परत येतो, तेवढं घोटून घ्या त्यांच्याकडून.

ढोरडॉक्टर :

@रात्रपाळी, नाही हो. वहीत पशुपालकाचं नाव, गाव, जनावर, लक्षणं, औषध. मालकाचा ताप आम्ही चहा पिताना ऐकतो आणि विसरतो.

जुनी बर्डी :

निवृत्त माणूस आहे, वेळ भरपूर, म्हणून थोडं मागचं सांगतो. अवांतर वाटलं तर स्क्रोल करा.

माणसं आणि जनावरांच्या सामाईक आजारांत नागपूरचं नाव जगाच्या पुस्तकात आधीच आहे. चांदीपुरा विषाणू. १९६५ साली नागपूर भागात डेंग्यू आणि चिकुनगुनियाची साथ होती, तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या लोकांनी (आजची एनआयव्ही, राष्ट्रीय विषाणू संस्था) इथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून हा वेगळाच विषाणू शोधून काढला. गावाचं नाव विषाणूला चिकटलं ते कायमचंच. रेबीजच्याच कुळातला, पण पसरवते ती सँडफ्लाय, म्हणजे मातीच्या भिंतीच्या भेगांत आणि गोठ्याच्या आडोशाला राहणारी बारकी माशी. बरीच वर्षं कुणी त्याच्याकडे गांभीर्याने पाहिलं नाही. मग २००३ साली आंध्रात आणि आपल्याकडे मुलं मेंदूज्वराने दगावली तेव्हा तोच विषाणू सापडला. आंध्रातल्या ३२९ मुलांपैकी १८३ गेली. २००७ मध्ये नागपूर विभागात पुन्हा साथ आली, २०२४ मध्ये गुजरातेत. सकाळी ताप आणि रात्रीपर्यंत मूल बेशुद्ध, असा हा वेग.

बकऱ्या, म्हशी, डुकरं यांच्या रक्तात या विषाणूची प्रतिपिंडं सापडली आहेत. पण दोन साथींच्या मधल्या काळात तो नेमका कुठे दडून बसतो, याचा पक्का उलगडा झालेला नाही. आता सांगा, हे कोण शोधणार? बालरोगतज्ज्ञ माशी पकडायला जाणार नाही, कीटकशास्त्रज्ञाला मुलाच्या पाठीतलं पाणी काढता येणार नाही, आणि बकरीचं रक्त या दोघांनाही काढता येणार नाही.

शिवाय नागपूरची गंमत बघा. विज्ञान शाखेची महाविद्यालयं १९२३ सालच्या नागपूर विद्यापीठाची, मेडिकल नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं, पशुवैद्यकीय माफसूचं (महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ), आणि एम्स स्वतःच्या कायद्याने चालणारं. सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय ते मेडिकल चौक रिक्षाने कितीसं अंतर? कागदाने जायचं तर मुंबईहून वळसा.

शनिवारपेठी :

बर्डीकाका, इतिहास उत्तम, आणि तुमचं शेवटचं वाक्य माझ्याच बाजूचं आहे. कागदाला मुंबईहून वळसा पडत असेल तर सुनेला तिचा निकाल कधी मिळणार?

टेकडीवरचा गणू :

अगदीच काही होत नाहीये असं नाही. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने ऑक्टोबर २०२१ मध्ये २७ संस्थांचा वन हेल्थ (One Health, म्हणजे माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र पाहणं) गट बांधला. हैदराबादची पशु जैवतंत्रज्ञान संस्था त्याची प्रमुख, आणि त्यात दिल्ली व जोधपूरची एम्स, बरेलीची आयव्हीआरआय (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था) यांच्या जोडीला आपलं माफसू आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूरच्या एम्सचं लोकार्पण झालं, त्याच कार्यक्रमात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणीही इथेच झाली, ११० कोटींहून जास्त खर्चाची. इमारतीने काय होतं म्हणाल, तर मान्य. पण उगाच नागपूर निवडलेलं नाही. एका बाजूला पेंच, दुसऱ्या बाजूला ताडोबा, मध्ये गोठे आणि शहर.

नागपूरच्याच गोरेवाड्याचं आठवतंय ना? डिसेंबर २०२४ च्या शेवटी तिथल्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट मेले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, निघाला एच५एन१, बर्ड फ्लू. महाराष्ट्राला हा आजार माहीत होता तो २००६ च्या नवापूरमुळे, तेव्हा कोंबड्या मारल्या होत्या. वाघाला होईल असं आमच्या घरी तरी कुणाला वाटलं नव्हतं. पिंजरा धुणारा माणूस, मांस कापणारा माणूस, यांच्याकडे त्या वेळी लक्ष ठेवायचं ते कोणी? वन विभागाने, पशुसंवर्धनने की आरोग्य खात्याने?

लॅबवाली :

मी अशा नमुन्यांवर काम करते, त्यामुळे शनिवारपेठींना थोडं उत्तर देऊ शकेन. निकाल का हरवतात ते सांगते, समर्थन म्हणून नाही.

ताई, तुमच्या गाईचं रक्त लाल झाकणाच्या नळीत घेतलं असणार. ती नळी तिरपी ठेवली की रक्त गोठतं आणि वर पिवळसर सीरम सुटतं. ते बर्फाच्या डब्यातून आमच्याकडे येतं. ब्रुसेलाची पहिली चाचणी अगदी साधी आहे. काचेवर सीरमचा एक थेंब, शेजारी गुलाबी अँटीजेनचा (मेलेल्या जंतूंपासून केलेल्या द्रावाचा) एक थेंब, काडीने मिसळायचं आणि काच हलवत चार मिनिटं बघायचं. गुलाबी रंग एकसारखा राहिला तर निगेटिव्ह, दाणे धरले तर पॉझिटिव्ह. दुधाची चाचणीही अशीच, रंगवलेला अँटीजेन दुधात घालतात आणि वरच्या सायीच्या थरात निळं कडं येतं का पाहतात. म्हणजे पहिला अंदाज त्याच दिवशी येऊ शकतो.

घोळ पुढे होतो. गाईचा नंबर म्हणजे बिल्ल्यावरचे बारा आकडे. माणसाचा नंबर म्हणजे अभ्यासाचा कोड, कारण नाव गुप्त ठेवायचं असतं. गाईचा निकाल पशुसंवर्धनच्या वाटेने जातो, माणसाचा रुग्णालयाच्या. हा गोठा आणि हे घर एकच, हे सांगणारा दुवा एका एक्सेल शीटमध्ये असतो आणि ते शीट एका संशोधक विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्ये. विद्यार्थी पदवी घेऊन गेला की दुवा तुटला. मोठाल्या करारांवर सह्या होतात, पण ही शीट कोणाच्या ताब्यात राहणार आणि पशुपालकाला फोन कोण करणार, हे एका ओळीत लिहिलेलं मी फार कमी ठिकाणी पाहिलंय. दोन विद्यापीठांचं सहकार्य खरं आहे की बॅनरपुरतं, ते मी या एका ओळीवरून ओळखते.

शनिवारपेठी :

@लॅबवाली, हे पटलं. बॅनरवाला शेरा निम्मा मागे.

पण ताईंची डेअरीची धास्ती तशीच राहिली. समजा गाय पॉझिटिव्ह निघाली. परदेशात सरळ मारून टाकतात आणि भरपाई देतात. इथे काय?

ढोरडॉक्टर :

इथे गाय मारता येत नाही. राज्यात १९७६ चा पशुसंरक्षण कायदा आहे, २०१५ पासून बैल-वळूही त्यात आले. कायद्यावर इथे वाद नको, धाग्याचा काश्मीर होईल. मुद्दा एवढाच की "तपासा आणि काढून टाका" हा बाहेरचा मार्ग आपल्याला बंद आहे. ब्रुसेलासाठीही आणि गाईंच्या क्षयासाठीही. मग पॉझिटिव्ह गाईचं होतं काय? मालक गुपचूप बाजारात विकतो, ती दुसऱ्याच्या दावणीला जाते आणि जंतू सोबत घेऊन जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून म्हणतो, निकाल नुसता सांगून उपयोग नाही, पुढे काय करायचं हेही त्याच टीमने सांगायला हवं. अभ्यास आखतानाच याचा विचार व्हायला हवा, तो होत नाही. ही माझी जुनी तक्रार.

व्यवहारातलं सांगतो. पॉझिटिव्ह गाय वेगळी बांधा, विशेषतः विताना. वार, मेलेलं वासरू, खालचं गवत, सगळं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांना उकरता येणार नाही असं. हातमोजे घाला. वासरू ओढायचं काम घरातल्या गरोदर बाईकडे अजिबात नको. दुधाचं म्हणाल तर केंद्रावरून जाणारं दूध पुढे पाश्चराइझ होतंच. ७२ अंशांवर १५ सेकंदांत हा जंतू मरतो, घरी उकळी आणली तरी मरतो. धोका आहे तो धारेखालचं कोमट दूध तसंच पिणाऱ्याला.

तर्रीबाज :

आमचे आजोबा रोज धारेखालचं फेसाळ दूध प्यायचे, नव्वदी गाठली. हे मी आता कोणाले सांगू?

रात्रपाळी :

आजोबांना नमस्कार. बाकी नातवंडांनी उकळून प्यावं.

सावनेरची सून :

सगळ्यांचे खूप आभार. सासूबाईंना परवा नागपूरला दाखवलं. तुम्ही सांगितलं तसं गाय गाभडल्याचं आधी सांगितलं, त्याबरोबर डॉक्टर खुर्चीत सरळ बसल्या. रक्त दिलंय, निकाल यायचा आहे.

टीम काल आली होती. मी लॅबवाली ताईंचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. आमचा निकाल कोण देणार, कधी देणार, आणि गाय आणि घर यांची जोडी कुठे नोंदवलेली राहणार? टॅबवाली मुलगी थोडी गडबडली, पण मोठ्या डॉक्टरांनी संमतीपत्राच्या पाठीमागे हाताने लिहून दिलं. माणसांचे निकाल रुग्णालयातून फोनने, जनावरांचे तालुक्याच्या दवाखान्यातून, आणि दोघांची नावं व नंबर. शंका आली तर विचारायला नैतिक समितीचा नंबर आधीच छापलेला होता, तो मी पाहिलाच नव्हता. कारण न देता कधीही माघार घेता येईल असंही लिहिलं आहे. मी आणि नवऱ्याने सही केली. मामाजींनी नाही केली, टीमनेही आग्रह धरला नाही. त्यांना चहा मात्र मामाजींनीच करायला लावला. :)

अजून एक. आमच्याकडे दोन कालवडी आहेत, एक पाच महिन्यांची, दुसरी साधारण वर्षाची. ती लस दोघींना चालेल का? आणि जवळच्या गोऱ्ह्याला?

ढोरडॉक्टर :

पाच महिन्यांचीला लगेच. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदाच देतात. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती मोफत आहे, तालुक्याच्या दवाखान्यात नाव नोंदवा, बिल्ला मारून देतील. वर्षाचीला नको, वय निघून गेलं. शिवाय मोठ्या जनावराला दिली तर पुढे रक्त तपासताना लसीचं की आजाराचं हे सांगणं अवघड होतं. गोऱ्ह्याला अजिबात नाही, वृषणाला सूज येऊ शकते. लस देणारा मान पकडायला तुम्हाला बोलावेल, तेव्हा हातमोजे घाला आणि सुईच्या बाजूला उभ्या राहू नका.

लॅबवाली :

आणि ताई, पाठीमागे हाताने लिहून दिलेल्या त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. त्यांच्याकडच्या प्रतीवर तेच लिहिलंय का, तेही फोन करून विचारा.